ज्याचं पोट त्यानं आणावं

आमच्या दवाखान्यात देव आत बसत असे आणि गुरव बाहेर. देव म्हणजे डॉक्टर आणि गुरव म्हणजे बाई. देवळात खरी सत्ता कुणाची चालते, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. मी कंपाउंडर होतो, म्हणजे तीर्थ देण्यापुरता.

मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना होता. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि पुढे लांबलचक पडवी. मुंबईतल्या कुणा शेटजींच्या धर्मादायातून तो चालायचा, त्यामुळे औषध फुकट आणि ओरडाही फुकट. औषध मी द्यायचो, ओरडा बाई द्यायच्या. ही एकोणीसशे तिसाच्या आगेमागची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा नर्स म्हणजे काय हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. बाईंना बघून लोकांनी स्वतःपुरता अर्थ लावला आणि त्यांना 'फौजदारीण' म्हणायला लागले.

बाई ठेंगण्या आणि चांगल्या रुंद होत्या. अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं, कनवटीला पुरुषी घड्याळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. लुगड्यावर बूट घालणारी बाई गावानं पाहिली नव्हती, त्यामुळे सुरुवातीला निम्मे पेशंट दुखणं सांगायचं सोडून पायांकडेच बघत बसत. थर्मामीटर त्या अंबाड्यात खोचून ठेवायच्या. समोर पेशंट आला की आकडा काढावा तसा तो डोक्यातून उपसायचा, स्पिरिटनं पुसायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं. कित्येकांना ताप नसतानाही त्या थर्मामीटर लावायच्या. निदान तेवढा वेळ तरी माणूस बोलायचा थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या कुठल्या, कोणाच्या, हे कुणाला नीट कळलं नाही. "तुमचे यजमान कुठे असतात?" असं एका साध्या बाईनं विचारलं, तर म्हणाल्या, "ठेवले होते कुठंतरी, आता सापडत नाहीत." तोच प्रश्न एका खोतीणबाईंनी जरा नाक वर करून विचारला. त्यावर बाई म्हणाल्या, "तुमचे रोज तिन्हीसांजेला जातात ना, तिथंच." खोतीणबाई त्यानंतर फिरकल्या नाहीत. खोत मात्र पाठदुखीसाठी नियमानं येत राहिले.

चूक कबूल करणं हे बाईंच्या शास्त्रातच नव्हतं. एका वकिलांचा उजवा गुडघा खरचटला होता आणि बाईंनी घाईत डाव्याला आयोडीन फासलं. वकील ओरडले, "अहो, हा नव्हे, तो!" बाईंनी शांतपणे दुसऱ्या गुडघ्याला आयोडीन लावलं आणि म्हणाल्या, "माहीत आहे मला. हा उद्या खरचटणार आहे तुमचा. तुम्ही चालता कसे ते बघितलंय मी." हायकोर्टापर्यंत जाऊन आलेला माणूस, पण त्याला यावर अपील सुचलं नाही.

डॉक्टर घाटावरचे होते. माणूस देवमाणूस, पण आमच्याकडची बोली त्यांना अखेरपर्यंत कळली नाही. गावाकडचा पेशंट बोलायला लागला की ते बाईंकडे बघायचे आणि बाई भाषांतर करायच्या. एकदा एक म्हातारा तांडेल आला. मलबारहून येताना वारा कसा पडला, तारू कुठं अडकलं, पाणी कसं संपलं, पोट कसं दगड झालं, असं त्यानं हातवारे करून भरपूर सांगितलं. तो थांबल्यावर बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "बद्धकोष्ठ."

"एवढं सगळं बोलला तो!" डॉक्टर म्हणाले.

"बाकीचं तारवाबद्दल होतं."

पण बाईंचं खरं वैर होतं ते बदली पेशंटांशी. हा आमच्याकडचा रिवाजच होता. आजारी माणूस घरी राहायचा आणि दुखणं दुसऱ्याच कुणाबरोबर दवाखान्यात यायचं. वाट लांबची, मधे डोंगर नि खाड्या, भाताची कामं कुणासाठी थांबत नाहीत, आणि सुनेला गावात पाठवायचं म्हणजे तर घराची अब्रूच पडवीत मांडायची. मग बाजाराला निघालेल्या एखाद्यावर सगळी वाडी आपापली दुखणी सोपवायची. तो मीठ आणि काडेपेट्या घ्यायचा आणि त्याच फेरीत काकूचा ताप आणि वहिनीची खरूजही आणायचा. वाटेत बिचारा विसरायचा, की ताप काकूला आणि खरूज वहिनीला, की उलटं. बाटल्याही घरूनच आणलेल्या, कधी रॉकेलच्या वासाच्या, कधी माडीच्या. मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून घोटांच्या खुणा करून द्यायचो, पण बाटली कुणाची हे त्या पट्टीला काय ठाऊक! एकदा खोकल्याचं औषध डोळ्यात गेलं आणि डोळ्याचं पोटात. दोघंही बरे झाले. बाई त्याला डॉक्टरांची पुण्याई म्हणायच्या.

"ज्याचं पोट त्यानं आणावं," हे बाईंचं ब्रीद होतं. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसातून कितीतरी वेळा ते दुमदुमायचं. नुसत्या ओरडण्यानं भागेना, तेव्हा त्यांनी कायदा केला. बदली माणसानं पहिला घोट इथंच, त्यांच्यासमोर, स्वतः प्यायचा. "दुखणं तुझ्या तोंडून आलं ना? मग औषधही आधी त्याच तोंडात." क्विनाइनचा घोट घेऊन माणसं वेडीवाकडी तोंडं करत जायची आणि पुढच्या वेळी खरा पेशंट पाठीवर घालून आणायची. बायकोचं पोट साफ होत नाही म्हणून एक तलाठी आले. स्वतः येणं बायकोच्या इभ्रतीला शोभत नाही म्हणाले. बाईंनी त्यांना एरंडेलाचा पुरा डोस पाजला. तलाठी छत्री विसरून निघाले. ते घरापर्यंत पोचले की नाही, हे विचारायला कुणी गेलं नाही.

या कायद्याला न डगमगलेली एकच बाई मी पाहिली. आतल्या गावातली, कुणबी, पन्नाशीच्या आसपासची, कपाळ मोकळं. बाजाराच्या दिवशी यायची आणि पडवीच्या अगदी टोकाला खांबाला टेकून बसायची. सून आजारी आहे म्हणायची. सुनेची कंबर धरते, ओटीपोट ओढतं. बाईंनी पहिला घोट पुढे केला की मुकाट्यानं प्यायची. एवढंच नव्हे, तर एकदा म्हणाली, "आनी थोडां द्या वो."

पडवी हसली, मीही हसलो. बाई म्हणाल्या, "अगं, सरबत आहे का हे? सून राहिली बाजूला, हीच रंगात आली."

पुढच्या एका बाजाराला ती बाईंच्या कानाशी लागली आणि काहीतरी पुटपुटली. बाईंना कानात सांगणं म्हणजे दवंडीवाल्याला गुपित सांगणं होतं. "काय? सुनेचं अंग बाहेर येतं?" बाई केवढ्यानं तरी ओरडल्या. "आणि तू बाटली मागतेस? अगं, पिशवी खाली सरकलीय तिची! ते काय बाटलीनं वर जाणार आहे? तिला तपासायला हवं, पिशवी वर धरायला आत कडी बसवायला हवी. घेऊन ये तिला. बाटली बंद! ज्याचं पोट त्यानं आणावं!"

म्हातारी खाली मान घालून ऐकत राहिली. मग रिकामी बाटली पदराखाली घेऊन गेली. त्यानंतरही ती येत राहिली, दर बाजाराला, एकटीच. बाई तिला पडवीत चढतानाच हाकलायच्या. "आणलीस सून? नाही? मग आल्या पावली परत." ती थोडा वेळ खांबाला धरून उभी राहायची आणि उतरून जायची. हे बरेच आठवडे चाललं. आम्हाला ती हट्टी वाटली, आणि तिच्या सुनेची आम्हाला दया यायची.

मग एका दुपारी, बाजार नसताना, सून स्वतःच आली. डोक्यावर जळाऊ लाकडांची ही भलीमोठी मोळी. ती तिनं बाईंच्या बुटांपुढे धाडकन टाकली.

"त्या फौजदारीन तुमीच काय?"

बाईंना तोंडावर असं कुणी म्हणत नसे. त्या म्हणाल्या, "मीच. तू कोण?"

"जिचां अंग येतां म्हनून तुमी बोंबललांव, ती मी."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मोळीकडे बघितलं. अंग बाहेर येणारी बाई असली मोळी घेऊन डोंगर उतरत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"सगल्या वाडीनं ऐकलां," ती म्हणाली. "माजा घोव मुंबयला गिरनीत. पोर नाय अजून. आता चुलतसासरा म्हनतो, हिचां आतलां सगळां नासलां, हिला पोर व्हायचां नाय. दुसरी पोरगी बगून आलाय. देवाला कौल लावलान, देवानं उजवा दिला. शिमग्याला घोव आला की लगीन. मी जानार खंय? भावाच्या घरी तेची बायको माला दारात उभी करायची नाय."

"देवाला विचारलं, आणि मला विचारलं नाही?" बाई म्हणाल्या.

"तुमाला कशाला विचारतील? तुमी न विचारताच सांगितलांव."

बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी उलटून असं चिमटीत धरलं होतं. मला तर फार बरं वाटलं. बाई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. बाहेर आल्या त्या हात पुसत. "काही झालेलं नाही हिला. दगडासारखी टणक आहे नुसती. नवरा वर्षातून चार दिवस येतो म्हणे. आगबोटीच्या टपालानं पोरं होत नाहीत, हे कुणीतरी त्या चुलतसासऱ्याला सांगा." आणि मग सुनेकडे वळल्या. "तुझ्या सासूला हे कुठून सुचलं? तू काही म्हणाली होतीस तिला?"

"मी कायव म्हटलेलां नाय. मी कवा आजारीच पडलंय नाय."

"मग घरात आणखी बाईमाणूस कोण आहे?"

"कोन नाय. मी नि आये."

बाई पडवीच्या कट्ट्यावर बसल्या. पेशंटांच्या जागेवर बसलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाटलीवाले, ती स्वतःचं पोट घेऊन येत होती हो. दर बाजाराला. आणि मी तिला म्हणत होते, पोट घेऊन ये."

मी म्हणालो, "पण तिनं सरळ सांगायचं होतं."

"कुणाला? विधवा बाई, पन्नाशीची. त्या जागेचं दुखणं ती सांगणार कुणाला? पडवीत बाजार भरलेला, आत पुरुष डॉक्टर, आणि दाराशी मी, ही अशी बोंबलणारी. सुनेचं म्हणून सांगितलं, तेवढंच तिला जमलं."

मला बाईंचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. सून मात्र दाराशी तशीच उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. जिच्याबरोबर एका चुलीवर रोज भाकऱ्या भाजल्या, त्या बाईनं आपलं दुखणं हिच्या अंगावर ढकललं होतं, आणि त्यापायी हिचं घर जात होतं.

"मी जाऊन सांगतंय सगल्यांना," ती म्हणाली.

"तू काही सांगायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "तिनं झाकलेलं आहे ते आपण उघडं करायचं नाही. मी एकदा बोंबललेय तेवढं पुरे. घाण मी केली, ती मीच काढते. येत्या बाजाराला सासू आणि चुलतसासरा, दोघांना इथं घेऊन ये. त्याला काय हवं ते सांग. दात दुखतो का त्याचा?"

"दुखतो."

"मग दाताला इथं फुकट औषध मिळतं म्हणावं."

चुलतसासरा आला. गालाला फडकं बांधून, नव्या लग्नाचा बाजार करायचा म्हणून दोन पिशव्या घेऊनच आला. पडवी माणसांनी फुलली होती, त्यात त्यांच्या वाडीतल्या बायकाही होत्या. म्हातारी नेहमीच्या जागी, टोकाच्या खांबाशी टेकली. आज आपल्याला कुणी हाकललं नाही, याचंच तिला नवल वाटलेलं दिसत होतं. सून तिच्यापासून हातभर लांब बसली.

बाईंनी चिमटा घेतला आणि इनॅमलच्या ताटलीवर ठणाठणा वाजवला. मी बाटली भरता भरता थांबलो. डॉक्टरही दारात आले.

"सगळ्यांनी ऐका," बाई म्हणाल्या. "या पोरीचं अंग येतं असं मी इथं उभी राहून ओरडले होते. ते खोटं. मी हिला तपासलीय. हिला काहीही झालेलं नाही. हिची पिशवी तुमच्या सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा ठिकाणावर आहे. चूक माझी झाली. दुसऱ्याच एका बाईचं दुखणं मी हिच्या नावावर घातलं. मी गाढव आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांना फार जड गेलं असणार, कारण ते त्या एरवीपेक्षा हळू बोलल्या. पडवीत कुणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं हसलं. फौजदारीण स्वतःला गाढव म्हणतेय, हे बघायला मिळणं म्हणजे बाजाराची फेरी वसूल झाली. डॉक्टर मला कानात म्हणाले, "काय म्हणाल्या त्या?" ते मराठीच होतं, आणि चांगलं स्वच्छ होतं. पण त्यांचा विश्वास बसला नसावा.

चुलतसासऱ्यानं फडकं जरा खाली ओढलं. "मग ता दुखनां कोनाचां व्हतां?"

"असेल कुणाचंही. तुम्हाला काय करायचंय?"

"आमाला करायचां हाय. आमच्या घरची गोष्ट हाय. तुमी इतके दिस येक सांगताव, आज दुसरां सांगताव. हिनं तुमाला कोंबडा आनून दिलान का काय? नाव सांगा तिचां."

"नाव नाही सांगत. मेली ती."

"कवा मेली?"

"मागच्याच महिन्यात मेली. कडी बसवली नाही म्हणून मेली," बाई म्हणाल्या. खोटं बोलण्याची त्यांना सवय होती, पण ते गमतीचं. हे त्यांना जमत नव्हतं, आणि सगळ्या पडवीला ते दिसत होतं.

"खोटां!" चुलतसासरा उठून उभा राहिला. वाडीतल्या बायकांकडे वळून म्हणाला, "बगितलांत? सुनंला पाठीशी घालतेय ही. पोरगी बगून झालीय, कौल झालाय. आता शिमग्याला लगीन व्हनार म्हंजे व्हनार."

बाईंच्या हातात ताटली तशीच होती. सुनेनं गुडघ्यात तोंड घातलं. सगळं हातचं गेलं, असं मला वाटलं, आणि नेमक्या त्याच वेळी टोकाच्या खांबापासून आवाज आला.

"मेली नाय ती. ही काय, हंयसर बसलीय."

माणसं वळून बघायला लागली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, पण बोलायची थांबली नाही. "अंग माजां येतां. सुनंचां नाय. धाकट्याच्या येळेला बालंतीन व्हते नि तशीच लावनीत उभी रायलंय, तवापासून येतां. ही बाय मेली म्हनते, पन मी मेलंय नाय. पोरीचां कायव नाय. माजां हाय ता सगळां."

पडवीत कुणी हसलं नाही. वाडीतल्या बायकांपैकी दोघी-तिघींनी माना खाली घातल्या, आणि का घातल्या हे मला पुढच्या काही बाजारांत कळलं. त्याही एकेक करून, सून-बीन कुणी न सांगता, सरळ बाईंकडे आल्या. चुलतसासऱ्याला कुठं बघावं हे कळेना. बाईंनी ताटली खाली ठेवली. आणि पडदा बाजूला करून धरला.

म्हातारी उठायला गेली, पण तिला उठवेना. तिनं सुनेकडे हात केला. "धर गो माला."

सून हलली नाही. आता तिनं डोकं वर केलं होतं आणि ती सासूकडे सरळ बघत होती.

"आदी त्यांना सांगा," ती म्हणाली.

सासूनं दिराकडे तोंड वळवलं. विधवा झाल्यापासून त्याच्यासमोर ती मोठ्यानं बोलली नसावी, असं मला तिच्या आवाजावरून वाटलं. "भावोजी, ठरवलांव ता जाऊन मोडून या. शिमग्याला माज्या घरात दुसरी सून यायची नाय. हीच माजी सून."

त्यानं गालाचं फडकं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि दाताचं औषध न घेताच पायऱ्या उतरून गेला.

मग सून उठली आणि तिनं सासूला दोन्ही हातांनी धरून उभं केलं.